जाळीच्या दाराचा चेपलेला ट्रॅक आणि त्याच्याखालचा प्लाय : एका कॅम्परव्हॅनचं पूर्ण प्रकरण

गाडी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्परव्हॅन. मालक निपाणीकडचे एक रिटायर्ड हायस्कूलचे सर आणि त्यांच्या मिसेस. तक्रार एका ओळीची, की चढायच्या दाराची आतली सरकती जाळी मध्येच अडकते आणि जोर लावला की ट्रॅकवरून उतरते. सर फोनवर म्हणाले, "ट्रॅक तेवढा बदलून द्या की हो, तुमच्याकडं सेक्शन पडलेलेच असतात." खरंय, सेक्शन म्हणजे ॲल्युमिनियमच्या तयार घडणीच्या लांब पट्ट्या, त्या पडलेल्या असतात. माझं बेळगावच्या उद्यमबागेत ॲल्युमिनियम फॅब्रिकेशनचं शेड आहे, घरांच्या स्लायडिंग खिडक्या आणि दुकानांची पार्टिशनं हे रोजचं काम, आणि हल्ली कॅम्परव्हॅनची किरकोळ कामंही यायला लागलीत कारण बेळगावातून चोर्ला घाटानं गोव्याला, आंबोलीवरून सावंतवाडीला, खानापूर-लोंढ्याकडून दांडेलीला गाडीतच मुक्काम करत जाणारी मंडळी वाढलीत. तर ट्रॅक बदलायला काहीच हरकत नव्हती, पण तो चेपला का हे न बघता नवा टाकला असता तर नवाही तसाच चेपला असता. हे सगळं लिहायचं कारण तेवढंच आहे.

आधी दाराची रचना सांगतो. बाहेरचं लोखंडी दार बिजागरीवर बाहेर उघडतं. त्याच्या आत जाळीचं पल्लं, रुंदी ७४० मिलीमीटर आणि उंची १७२०, पातळ ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये फायबरग्लासची जाळी रबर बीडिंगनं बसवलेली. वर खोल चॅनल, खाली ट्रॅक. खालच्या ट्रॅकच्या मधोमध उभी धार असते, साधारण ९ मिलीमीटर उंच, आणि पल्ल्याच्या बुडात बसवलेले खाचेचे दोन नायलॉन रोलर त्या धारेवर चालतात. ट्रॅकची लांबी दीड मीटर, म्हणजे निम्मा दाराच्या तोंडाशी आणि निम्मा आत किचनच्या कपाटाला लागून, कारण उघडल्यावर पल्लं तिकडं सरकून उभं राहतं. कपाटाकडच्या भागावर कुणाचा पाय पडत नाही. दारातल्या भागावर प्रत्येकाचा पडतो.

गाडी शेडसमोर लावली तेव्हा पहिलं काम केलं ते गाडी लेव्हलला आणायचं. बरेच जण इथंच चुकतात. घराची खिडकी जागेवरच असते, पण गाडी एका बाजूला झुकलेली असेल तर चांगलं पल्लंही आपोआप सरकतं, एका रोलरवर भार टाकतं, आणि आपल्याला वाटतं ट्रॅक वाकडा. म्हणून आत फरशीवर लेव्हल ठेवून, ज्या बाजूचं चाक खाली आहे त्याच्याखाली फळ्या घालून गाडी दोन्ही दिशांनी सपाट केली, हँडब्रेक लावला, चाकांना ओट म्हणजे अडकण लावली, आणि मगच पल्लं चालवून बघितलं. तरीही अडकतच होतं, म्हणजे दोष पार्किंगचा नव्हता.

पल्लं काढायची पद्धत घरच्या स्लायडिंगसारखीच, बुडाच्या स्क्रूनं रोलर आत ओढायचे म्हणजे पल्लं खाली बसतं, मग वर उचलून वरच्या चॅनलमध्ये घालायचं आणि खालची बाजू आपल्याकडं ओढायची. इथं स्क्रू गंजून बसलेले, तेल सोडून थांबावं लागलं. घाई करून पेचकसानं ओरबाडलं असतं तर स्क्रूचं डोकं गेलं असतं आणि फ्रेमच कापायची पाळी आली असती.

पल्लं टेबलावर घेतल्यावर रोलर बघितले. एक बरा होता, दुसऱ्याची खाच एका बाजूनं झिजून तिरकी झालेली आणि तिच्यात तांबड्या मातीचा आणि ॲल्युमिनियमच्या काळ्या भुकटीचा घट्ट लगदा. खानापूर-जांबोटी भागात फिरणाऱ्या गाडीत ही तांबडी धूळ कुठंही सापडतेच, पण सरांनी दार अडकतंय म्हणून ट्रॅकमध्ये वेळोवेळी मशीनचं तेल सोडलेलं, आणि त्या तेलानं धूळ धरून ठेवलेली. मग पल्ल्याचे कर्ण मोजले. या मापाच्या पल्ल्याचा कर्ण १८७२ च्या आसपास यायला पाहिजे, एक आला १८६९ आणि दुसरा १८७६. म्हणजे ७ मिलीमीटरचा फरक, फ्रेम गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत, आणि कोपऱ्यांतल्या, फ्रेमच्या बाजू जोडणाऱ्या कड्या सैल. अडकलेलं पल्लं हँडलला धरून हिसडत राहिलं की हे होणारच.

आता ट्रॅक. दाराच्या तोंडाशी साधारण वीतभर लांबीत धार बाहेरच्या बाजूला लवलेली, मधे तर जवळजवळ आडवी झोपलेली. बुटाच्या टाचेची जागा स्पष्ट दिसत होती. मॅडम म्हणाल्या, "मी तर बघूनच पाय टाकते हो, पण नातवंडं कुठली बघतात, ती उड्याच मारतात." त्यांचं बरोबर होतं, पण नातवंडांच्या उडीनं एवढा चेप यायला नको. घरांमध्ये बाल्कनीच्या स्लायडिंग दारावर वर्षानुवर्षं माणसं पाय देतात आणि धार अशी झोपत नाही, कारण तिथं ट्रॅकच्या खाली ग्रॅनाइट किंवा सिमेंट असतं.

म्हणून वरच्या चॅनलच्या तळापासून खालच्या ट्रॅकच्या बुडापर्यंतचं अंतर तीन ठिकाणी घेतलं. कपाटाकडं १७३४. दाराच्या बाहेरच्या टोकाला १७३५. आणि मधे, जिथं धार झोपलीय तिथं, १७४०. वरचा चॅनल दोरी ताणून बघितला तर सरळ होता. म्हणजे खालची फरशीच मधे ५-६ मिलीमीटर खाली गेलेली. ट्रॅकचं दुखणं इथं कळलं. धार झोपली कारण पाय पडला की ट्रॅक अख्खा खाली लवत होता, लवताना पिळत होता, आणि पिळलेली धार टाचेखाली आडवी होत गेली.

पोऱ्याला सांगितलं, पेचकसाच्या मुठीनं फरशी ठोकत ये. कपाटाकडून दाराकडं येईपर्यंत आवाज टणटण, आणि दारापाशी आल्यावर एकदम बद्द. "दादा, हितं मऊ लागायलंय." ट्रॅकचे स्क्रू काढायला गेलो तर मधले दोन नुसत्या बोटांनी फिरून वर आले, प्लायमध्ये पकडच नव्हती. ट्रॅक उचलला, व्हिनाइलचं मॅट मागं घेतलं आणि टोचा दाबला तर १२ मिलीमीटरच्या प्लायमध्ये सहज आत गेला. वरचा थर बोटानं चहात बुडवलेल्या पावासारखा निघत होता. सर बाजूलाच उभे होते, त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "हा वास आम्हाला केव्हापासून येतोय, आम्ही म्हणालो सिंकचा असंल." कुबट वास येत असेल तर तो कुठून येतो हे आधी शोधावं, एवढं मी प्रत्येक गाडीवाल्याला सांगत असतो.

पाणी कुठून आलं ते शोधायला फार वेळ लागला नाही. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला कंपनीनं पाणी जायला भोकं पाडलेली होती, आणि गाडी ज्यानं बांधली त्यानं ट्रॅक बसवल्यावर बाहेरून अखंड सिलिकॉनची रेघ ओढून ती सगळी बंद केलेली. हेतू चांगला असणार, पावसाचं पाणी आत येऊ नये असा. पण पाणी बाहेरच्या दाराच्या गास्केटमधून, ओल्या चपलांवरून, छत्रीवरून, जाळीतून वाऱ्यानं येणाऱ्या तुषारांतून ट्रॅकमध्ये येतंच. आंबोलीला वर्षाला सरासरी सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कणकुंबी-चोर्ल्याकडंही मुसळधार असतो, तिथं पावसाळ्यात मुक्काम करणाऱ्या गाडीच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच नाही असं दार कुणी बनवू शकत नाही. आलेलं पाणी बाहेर गेलं पाहिजे. इथं ते अडकलं, साचलं, आणि एकच वाट सापडली ती म्हणजे स्क्रूच्या भोकातून खाली प्लायमध्ये, कारण स्क्रू मारताना भोकात सीलंट घातलेलं नव्हतं.

स्क्रू साधे लोखंडी, पॉलिशवाले. ओलाव्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमलेली होती ती त्याचीच, आणि भोकं मोठी झालेली. त्यात प्लाय आतल्या फर्निचरचा, साधा एम.आर. ग्रेडचा. आयएस ३०३ या भारतीय मानकातला एम.आर. म्हणजे दमट हवा सोसणारा, पाण्यात बसणारा नव्हे. गाडीच्या फरशीला, निदान दाराच्या आणि सिंकच्या पट्ट्यात तरी, आयएस ७१० चा मरीन प्लायच पाहिजे. भावात फरक आहे हे मान्य, पण दारापाशी लागतो तो तुकडा केवढासा असतो!

आता पर्याय काय काय होते ते सांगतो, कारण प्रत्येकाच्या गाडीत कुजलेला प्लाय असेलच असं नाही.

सगळ्यात स्वस्त म्हणजे धार सरळ करणं. थोडीशी लवली असेल आणि खालचा आधार पक्का असेल तर होतं. धारेच्या दोन्ही अंगाला लोखंडी पट्टीचे तुकडे धरून पक्कडीनं हळूहळू दाबत, एका टोकाकडून दुसऱ्याकडं सरकत जायचं, एकाच जागी जोर नको. हातोडी मारायचीच असेल तर लाकडी मोगरी आणि मधे लाकडाचा ठोकळा. पण ॲल्युमिनियमचा सेक्शन, साधारण ६०६३ मिश्रधातूचा असतो तो, कडक करून आलेला असतो, एकदा पूर्ण वाकून परत सरळ केला की मुळाशी केसाएवढी चीर पडते. नख फिरवलं की कळते. इथं ती पडलेलीच होती, सरांनी घरी पक्कडीनं सरळ करायचा प्रयत्न केल्यामुळं म्हणा किंवा आधीच म्हणा. काही जण गॅसवर तापवून सरळ करतात. ते मला अजिबात पटत नाही. या मिश्रधातूला कडकपणा येतो तो दोनशे अंशाच्या अलीकडं-पलीकडं भट्टीत ठेवून, त्याच्या बरंच वर तापवलं की तो कडकपणा जातो आणि ट्रॅक मऊ पडतो, आणि शिवाय ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंशाच्या आतच सरळ वितळतं. गाडीत प्लाय, रबर, वायरिंग यांच्यावर तर ज्योत नेऊच नये.

दुसरा पर्याय स्टीलची टोपी, म्हणजे झिजलेल्या धारेवर बसणारी स्टेनलेसची गोल पट्टी. धार झिजलीय पण उभी आहे अशा ठिकाणी ही उत्तम, कमी कटकटीची. झोपलेल्या धारेवर ती बसतच नाही. तिसरा, चेपलेला वीतभर तुकडा कापून तेवढाच नवा घालणं. सर याच्या बाजूचे होते, पण सांध्यावर रोलर प्रत्येक वेळी टक्कर देतो आणि सांधा नेमका पायाखाली येतो, त्यामुळं मी नको म्हणालो. चौथा, खालचा ट्रॅक काढून पल्लं वर लटकतं करणं. त्याला वरच्या चॅनलमागं भक्कम लोखंड पाहिजे, इथं वर नुसता पॅनल होता. राहिला अख्खा ट्रॅक बदलणं, आणि त्याच्या आधी फरशी.

फरशीचं काम सुताराला बोलावून केलं. तो गोकाककडचा, त्याचं मराठी थोडं आणि माझं कन्नड बरं, त्यामुळं आमचं बोलणं दोन्ही मिळून चालतं. कुजलेला भाग बघितल्या बघितल्या तो म्हणाला, "अण्णा, नीर होगाक दारी बेकु," म्हणजे पाण्याला जायला वाट पाहिजे, आणि पुढचं सगळं काम याच एका गोष्टीभोवती झालं. प्लाय मऊ लागला तिथंच न कापता, टोच्यानं तपासत कडक लाकूड लागेपर्यंत गेलो आणि तिथून पुढं फरशीखालच्या लोखंडी आडव्या पट्टीच्या मध्यापर्यंत चौकोन कापला, म्हणजे जुन्या आणि नव्या प्लायच्या दोन्ही कडांना त्याच पट्टीचा आधार मिळतो. कटरची खोली प्लायएवढीच ठेवली, कारण खाली वायरी आणि पाइप असतात. बॉडीचं मूळ लोखंड कापायचं किंवा नवीन वेल्डिंग करून ठेवायचं असलं काही केलं नाही. मोटर कॅराव्हॅनला आपल्याकडं एआयएस १२४ हे वेगळं मानक आहे, आणि चालत्या गाडीच्या सांगाड्याला हात लावायचा तर तो ज्याला अधिकार आहे त्यानंच लावावा.

उघडल्यावर दिसलं की दाराच्या तोंडाशी दोन आडव्या पट्ट्यांमधलं अंतर जास्त होतं आणि ट्रॅकचा मधला भाग नेमका अधांतरी प्लायवर होता. प्लाय नवा असता तरी तो उड्यांखाली थोडा लवलाच असता. म्हणून दोन्ही पट्ट्यांच्या मधे ट्रॅकच्या बरोबर खाली २५ बाय २५ चा, ३ मिलीमीटर जाडीचा ॲल्युमिनियम अँगल टाकला, दोन्ही टोकांना लोखंडाला स्टेनलेसच्या नटबोल्टनं आवळला आणि मधे रबराची पट्टी घातली म्हणजे दोन धातू थेट टेकत नाहीत. गंजलेल्या पट्ट्या वायर ब्रशनं घासून प्रायमर मारला, वाळू दिला. पंखा लावून गाडीची दारं उघडी ठेवून आतला ओलावा पूर्ण जाऊ दिला, याला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो, ओल्या पोकळीवर नवा प्लाय ठोकला की कुज परत आतून सुरू.

नवा प्लाय १२ चाच, मरीन. त्याच्या चारी कडांना इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारं रेझिन, दिलं, कारण प्लाय पाणी पितो ते कडेतून. ट्रॅकच्या स्क्रूची भोकं थोडी मोठी पाडून त्यात इपॉक्सी भरलं, आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध बारीक भोक पाडलं. म्हणजे स्क्रू लाकडाला न लागता इपॉक्सीच्या पुंगळीत बसतो आणि पाणी झिरपलंच तरी लाकडापर्यंत जात नाही. ही पद्धत बोटी दुरुस्त करणारे वापरतात आणि मला ती मनापासून आवडते.

मग ट्रॅक. जुना तुकडा घेऊन सेक्शनवाल्याकडं गेलो आणि धारेची जाडी आणि उंची कॅलिपरनं मोजून जुळणारा काढला. नुसत्या डोळ्यानं घेतलेला सेक्शन रोलरच्या खाचेत घट्ट किंवा सैल बसतो आणि मग नव्या ट्रॅकवर खडखड सुरू होते. १२ फुटी लांबीतून दीड मीटर कापला, कापलेल्या टोकांची कड कानसीनं मारली, आणि बाहेरच्या भिंतीत बुडाला लागून २० मिलीमीटर लांब आणि ६ उंच अशा तीन खाचा केल्या, दोन टोकांना आणि एक मधे. गोल बारीक भोकं केली असती तर पाण्याचा थेंब तिथंच अडून राहतो आणि मातीनं बंद होतात, लांबट खाच काडीनंही साफ करता येते. तीन अशासाठी की गाडी कधी पुढं झुकलेली असते कधी मागं, पाणी कुठल्याही टोकाला जाऊ शकतं.

स्क्रूच्या भोकांचं असं, की किचनच्या टोकाचं भोक गोल आणि बाकीची सगळी लांबट. ॲल्युमिनियम उन्हात बरंच वाढतं. दीड मीटरचा ट्रॅक ३० अंशांनी तापला तर जवळजवळ १ मिलीमीटर लांब होतो, प्लाय तसा वाढत नाही, आणि सगळी भोकं घट्ट असली तर ट्रॅक मधे कमान होऊन उचलतो. एप्रिलमध्ये बंद गाडी उन्हात उभी असली की दार अडकतं आणि रात्री नीट चालतं अशी तक्रार असेल तर हेच बघावं.

ओळीचं काम ओळंब्यानं केलं. वरच्या चॅनलच्या मध्यातून ओळंबा सोडायचा, त्याचं टोक खाली जिथं येईल ती धारेची जागा, दोन्ही टोकांना खुणा करून मधे दोरा. गाडीत अडचण अशी की कुणी आत पाऊल टाकलं की स्प्रिंगवर गाडी हलते आणि ओळंबा झुलत राहतो, वाऱ्यानं पण हलतो. म्हणून ओळंब्याचं टोक पाण्यानं भरलेल्या मगात बुडेल असं सोडलं, हलणं लगेच थांबतं. मग दोरी मगाच्या काठाला न लागता स्थिर झाली की तिच्या बाजूला गुण्या उभा धरून खूण करायची. सर पूर्ण वेळ मग धरून बसले होते, हात न हलवता, आणि मला तेवढी मदत पुरेशी होती.

ट्रॅकच्या खाली ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी), प्रत्येक स्क्रूच्या भोकात पॉलियुरेथेन सीलंटचा थेंब, स्क्रू ३०४ स्टेनलेसचे आणि डोक्याखाली नायलॉनचा वॉशर. आंबट व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला लावू नये, वाळताना त्यातून ॲसिड सुटतं. लांबट भोकातले स्क्रू आवळून परत पाव फेरा सैल केले. सीलंटची रेघ ओढली ती ट्रॅकच्या आतल्या, गाडीतल्या बाजूनं. बाहेरची बाजू मोकळी.

पायाच्या भाराचं काय, हा प्रश्न उरला होता. अँगलमुळं ट्रॅक लवणार नाही, पण टाच थेट धारेवर पडली तर धार कधीतरी झिजणारच. म्हणून दाराच्या तोंडाच्या भागात ट्रॅकच्या दोन्ही अंगाला १० मिलीमीटर उंचीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवल्या, धारेपेक्षा १ मिलीमीटर वर. पाय पडला की भार दोन्ही पट्ट्या घेतात. पल्ल्याचं बूड धारेच्या ४ मिलीमीटर वरून जातं त्यामुळं त्याला अडत नाही. वरच्या कडा गोल केल्या, म्हणजे अनवाणी पायाला लागत नाहीत, आणि बाहेरच्या पट्टीला ट्रॅकच्या खाचांसमोर खाचा पाडल्या. हे विसरलं तर पाण्याची वाट परत बंद!

पल्ल्याचं काम त्यामानानं सोपं. कोपऱ्यांच्या कड्या काढून साफ करून परत बसवल्या, कर्ण जुळेपर्यंत सॅश क्लॅम्पनं ओढून मग रिव्हेट मारले. जाळी एका कोपऱ्यात सुटलेली ती काढून नवी टाकली, बीडिंगही नवं, कारण जुनं रबर कडक होऊन आकसलेलं असतं आणि परत खाचेत धरत नाही. जाळी ताणताना अति ताणू नये, पातळ फ्रेम मधे आत ओढली जाते आणि कमरेसारखा आकार येतो, मग पल्लं चौकटीला मधे फट सोडतं आणि डास तिथूनच येतात. दोन्ही रोलर बदलले, एक चांगला होता तरी, कारण जोडीतला एक जुना एक नवा ठेवला की पल्लं कलतं. वर चढवून बुडाचे स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं फिरवत दोन्ही बाजूंची फट सारखी केली आणि लॅचचा आकडा बरोबर खाचेत पडतो ना ते बघितलं.

तेल नाही. कोरडा सिलिकॉन स्प्रे कापडावर मारून ते कापड धारेवर फिरवलं, एवढंच. सरांना बजावून सांगितलं की मशीनचं तेल, ग्रीस, खोबरेल यातलं काहीही इथं नको, आधी ब्रशनं माती काढायची, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि मग सिलिकॉन.

तपासणी पाण्यानं केली. तांब्यानं ट्रॅकमध्ये पाणी ओतत राहिलो आणि पोऱ्याला खाली पायरीजवळ बसवलं. तिन्ही खाचांतून पाणी धार लागून बाहेर पडलं आणि ओतणं थांबवल्यावर ट्रॅकमध्ये नुसता ओलसरपणा राहिला. मग पुढच्या चाकाखाली फळी घालून गाडी तिरकी केली आणि परत ओतलं, तेव्हा मागच्या खाचेतून सगळं गेलं. खालून, फरशीच्या पोटाला टॉर्च लावून हात फिरवला, कोरडं. वरच्या-खालच्या ट्रॅकमधलं अंतर परत घेतलं, तिन्ही ठिकाणी १७३४ ते १७३५. पोऱ्याला मधे उभं करून घेतलं तरी माप हललं नाही.

बिलात नवा ट्रॅक ही सगळ्यात लहान रक्कम होती. जास्त खर्च प्लाय, सीलंट आणि मजुरीचा. सरांनी बिल बघून विचारलं, "म्हणजे ट्रॅक हे कारणच नव्हतं म्हणा." मी म्हणालो, सर, ट्रॅकनं सांगितलं तरी, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात कुणाचातरी पाय फरशीतून खाली गेला असता. मॅडमना पहिल्यांदाच धसकल्यासारखं झालं, नातवंडांचं आठवून.

एक गोष्ट वेगळी सांगावी लागली. प्रवासात हे पल्लं कधी बांधलेलंच नव्हतं. चोर्ल्याच्या वळणांवर मोकळं पल्लं पुढं-मागं आपटत राहतं, त्यानंच वरच्या चॅनलच्या टोकाला ठोके पडलेले आणि कोपऱ्यांच्या कड्या आणखी सैल झालेल्या. आता कपाटाच्या बाजूला वेल्क्रोचा पट्टा बसवून दिलाय, गाडी सुरू करायच्या आधी जाळी मागं सरकवून पट्टा लावायचा. मॅडमनी तो गॅसचा नॉब बंद करायच्या त्यांच्या यादीत लगेच लिहून घेतला, ती यादी सिंकच्या वर चिकटवलेली असते.

त्यानंतर गाडी पावसात कणकुंबीकडं मुक्काम करून आली आणि सर परतताना शेडवर थांबले. ट्रॅक काढून नाही बघितला, पण कडेच्या स्क्रूंभोवती पांढरी भुकटी नव्हती, फरशी ठोकल्यावर आवाज सगळीकडं सारखा, आणि पल्लं एका बोटानं चालत होतं. मागची खाच मातीनं निम्मी भरलेली होती, ती काडीनं मोकळी केली. आणि एक नवीन त्रास निघालाय, बाहेर पडणारं पाणी आता थेट पायरीच्या पत्र्यावर पडतं आणि रात्री टपटप आवाज येतो, त्यामुळं पायरीच्या कडेला रबराची एक पन्हळ लावायचीय. माप घेऊन ठेवलंय, रबर आलं की लावतो.